पुण्याला हलवा

आपल्याकडे काही वाक्ये अशी आहेत की ती एकदा उच्चारली म्हणजे बोलणाराची जबाबदारी संपते आणि ऐकणाराची सुरू होते. कचेरीत “अर्ज करा”, न्यायालयात “तारीख घ्या”, आणि मावळात छाती धरून दवाखान्यात आलेल्या माणसाच्या नातेवाइकांना “पुण्याला हलवा”. पहिल्या दोन वाक्यांनी माणसाचा वेळ जातो. तिसऱ्यानेही वेळच जातो. फरक एवढाच की हा वेळ हृदयाच्या स्नायूंतून वळता केला जातो.

हा लेख त्या तिसऱ्या वाक्याविरुद्ध आहे. ते उच्चारणारे डॉक्टर दुष्ट किंवा अडाणी असतात असे मला म्हणावयाचे नाही. त्यांतले पुष्कळ जण कष्टाळू आहेत आणि काही तर माझे मित्र आहेत, ते हा अंक वाचणार आहेत हेही मला ठाऊक आहे. माझे म्हणणे इतकेच की खंडाळ्यापासून तळेगावापर्यंत, आणि महामार्ग सोडून आत गेल्यावर आंदर मावळात, नाणे मावळात, पवन मावळात, हृदयविकाराच्या झटक्यावरचा पहिला आणि निर्णायक उपचार जिथल्या तिथे व्हावयास हवा. तो तसा करता येतो हे जगाला कळून चाळीस वर्षे होत आली. औषध आपल्या उंबऱ्यावर तयार होते. तरीही तो सर्रास होत नाही, आणि ह्याचे कारण दारिद्र्य हे नाही.

आधी झटका म्हणजे काय ते पाहू, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्या हृदयाच्या बाहेरच्या अंगावरून धावतात आणि त्यांच्या फांद्या स्नायूत आत आत शिरतात. एखाद्या रोहिणीच्या भिंतीत साचलेला मेदाचा थर फुटतो, तिथे रक्ताची गुठळी धरते आणि वाट बंद होते. पुढे काय होते हे मावळातल्या भातशेतकऱ्याला निराळे समजावून सांगावयास नको. पाटाचे पाणी वर अडले की शेवटच्या खाचराला आधी भेगा पडतात. पाटाला लागून असलेले खाचर सर्वांच्या मागून वाळते. हृदयाच्या भिंतीतला अगदी आतला थर हे असे शेवटचे खाचर. मरण तिथे सुरू होते आणि आतून बाहेर सरकत येते. १९७७ साली रायमर, जेनिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे कुत्र्यांच्या हृदयांवर मोजून दाखवले. रोहिणी ४० मिनिटे बांधून मग मोकळी केली तेव्हा धोक्यातल्या भिंतीचा ३८ टक्के भाग मेलेला होता. तीन तासांनी सोडली तेव्हा ५७ टक्के, सहा तासांनी ७१, आणि सोडलीच नाही तेव्हा ८५. माणूस म्हणजे कुत्रा नव्हे, आणि एकाच्या हृदयातल्या आडवाटा दुसऱ्याच्या हृदयात असतीलच असे नाही. पण उताराची दिशा तीच आहे. पहिल्या चाळीस मिनिटांत जेवढे गेले तेवढे पुढच्या पाच तासांतही गेले नाही, ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढचा सारा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे.

मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही. त्याच्या जागी वण राहतो, आणि वण आकुंचन पावत नाही. माणूस जगला तरी पंप दुबळा होतो. मेलेल्यांची नोंद निदान ग्रामपंचायतीच्या वहीत होते. जे जगले, पण ज्यांना पुढे लावणीच्या चिखलात पाऊल टाकले की धाप लागते, त्यांची मोजदाद कोण ठेवतो?

आता लोणावळ्याविषयी थोडे. ह्या गावाची कीर्तीच मुळी हवेवर उभी आहे. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे वर आली आणि मुंबईच्या धनिकांनी खंडाळ्या-लोणावळ्यात बंगले बांधले; मुंबईचे डॉक्टर रोग्याला हवापालट लिहून देऊ लागले, आणि रोगी बरा होऊन किंवा न होऊन चिक्की घेऊन परत जाऊ लागला. चांगली हवा सर्व दुखण्यांवर चालते, ही समजूत इथे इतकी मुरलेली आहे की छातीत कळ आलेल्या माणसाला आम्ही आधी खिडकीजवळ बसवतो. रुग्णवाहिका आली म्हणजे तीही ह्याच समजुतीची शास्त्रीय आवृत्ती घेऊन येते: नाकावर प्राणवायूचा मुखवटा. तो चढला की नातेवाइकांना वाटते, उपचार सुरू झाला. प्रत्यक्षात काय झाले? मेलबर्नच्या डॉक्टरांनी २०१५ साली दाखवले की ज्याच्या रक्तात प्राणवायू पुरेसा आहे अशा रुग्णाला वरून आणखी दिल्याने फायदा नाही. उलट त्या पाहणीत अशा रुग्णांच्या हृदयाचा मेलेला भाग मोठाच निघाला. २०१७ साली स्वीडनमध्ये ६,६२९ रुग्णांवर तीच परीक्षा झाली. वर्षभरानंतर मेलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, पाच टक्क्यांच्या आसपास. ज्याला खरोखरच प्राणवायू कमी पडतो आहे त्याला तो द्यावाच; बाकीच्यांच्या बाबतीत मुखवटा हा नातेवाइकांवरचा उपचार आहे. साधी गोष्ट आहे: रक्तात प्राणवायू आहे, रक्ताला वाट नाही. पाट फुटका असताना धरण भरून काय उपयोग?

ह्याच गावात १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केले आणि योगाच्या क्रिया प्रयोगशाळेत मोजून पाहण्याचा आग्रह धरला. त्यांच्याविषयी मला आदर आहे तो ह्या मोजण्याच्या आग्रहाबद्दल. त्यांचे नाव घेऊन “रोज प्राणायाम करणाऱ्याला काही होत नाही” असे सांगत फिरणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की शवासनाने रक्तदाब उतरत असेल, प्राणायामाने मन शांत होत असेल, पण बसलेली गुठळी त्याने विरघळत नाही. कळ आल्यावर आसन घालून बसणे म्हणजे घराला आग लागल्यावर विहीर खणण्याच्या मुहूर्ताची चर्चा करणे.

मोठ्या शास्त्रज्ञांनाही ह्या मोहातून सुटका मिळाली नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. गुठळी राहू दे, स्नायूलाच असे काही पाजू की तो उपाशी तग धरील, ह्या कल्पनेमागे वैद्यक साठ वर्षे धावले. ग्लुकोज, इन्सुलिन आणि पोटॅशियम ह्यांची सलाईन हा त्यांतला गाजलेला उपाय. २००५ साली वीस हजारांवर रुग्णांत, त्यांत भारतीयही होते, तो पारखला गेला आणि निरुपयोगी ठरला. मग असे दिसले की वाट मोकळी झाल्यावर धाडकन आलेले रक्तही काही पेशींना मारते. म्हणून त्या धक्क्यावरची औषधे शोधली गेली. सायक्लोस्पोरिन २०१५ साली हरले. दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधून फुगवायचा आणि सोडायचा, म्हणजे हृदय सावध होते, ही युक्ती २०१९ साली पाच हजारांवर रुग्णांत हरली. पुढेमागे एखादे औषध सापडेलही. आज मात्र हृदयाच्या स्नायूचे रक्षण करणारी अशी एकच गोष्ट निर्विवाद हाती आहे: वाट लवकर मोकळी करणे. म्हणून औषधांच्या दुकानांतून हृदयाचे बळ वाढवणाऱ्या बाटल्या विकत घेणाऱ्यांनी ते पैसे वाचवून एक बरे घड्याळ घ्यावे.

वाट मोकळी करण्याचे मार्ग दोन. एक, मनगटातून किंवा जांघेतून तार घालून फुग्याने गुठळी बाजूला सारायची आणि जाळीची नळी बसवायची: अँजिओप्लास्टी. त्याला यंत्रसामग्री लागते, तज्ज्ञ लागतो, रात्री तीन वाजता उठून येणारी चार माणसे लागतात. दुसरा मार्ग सुईचा. १९३३ साली टिलेट ह्या अमेरिकी डॉक्टराला दिसले की घसा दुखवणारे काही जंतू असा पदार्थ सोडतात की ज्याने रक्ताची गुठळी विरघळते. त्यातूनच स्ट्रेप्टोकायनेज आले. १९८६ साली इटलीतल्या १७६ हृदयकक्षांनी ११,८०६ रुग्णांवर त्याची परीक्षा घेतली. कळ सुरू झाल्यापासून तासाभरात ज्यांना ते मिळाले त्यांच्यांत मृत्यूचे प्रमाण ८.२ टक्के होते. न मिळालेल्यांत १५.४. दोन वर्षांनी १७,१८७ रुग्णांच्या दुसऱ्या परीक्षेत दिसले की स्ट्रेप्टोकायनेज आणि साधी ॲस्पिरिन मिळून मृत्यू १३.२ टक्क्यांवरून ८ वर येतात. ॲस्पिरिन! जी गोळी चहाच्या टपरीशेजारच्या दुकानातही मिळते. १९९६ साली जुन्या साऱ्या परीक्षांची एकत्र बेरीज झाली तेव्हा असे निघाले की पहिल्या तासात सुई दिली तर हजारांत ६५ माणसे वाचतात, दुसऱ्या तासात ३७, तिसऱ्यात २६. म्हणजे दोन तासांच्या उशिराने औषध तेच, मात्रा तीच, डॉक्टर तोच, पण वाचणारांतले निम्म्याहून अधिक गळाले.

स्ट्रेप्टोकायनेजची सलाईन अर्धा ते एक तास द्यावी लागते. त्यानंतर आलेले टेनेक्टिप्लेज वजनाप्रमाणे एकाच दमात टोचता येते. दहा सेकंदांचे काम. आणि आता गंमत पाहा. हे औषध आपल्या देशात बनवणारी जेनोव्हा ही कंपनी हिंजवडीची. मावळची हद्द संपते न संपते तोच हिंजवडी लागते. पवनेच्या खोऱ्यातून पुण्याकडे हलवलेला रुग्ण हे औषध बनवणाऱ्या गावाच्या अंगावरून जातो, न टोचता.

इथे शहाणा वाचक मला थांबवील. तो म्हणेल: “अहो, अँजिओप्लास्टी सुईपेक्षा चांगली, हे आता ठरलेले आहे. मग मावळच्या माणसाला तुम्ही दुय्यम उपचार घ्यायला का सांगता?” आक्षेप बिनतोड वाटतो. अँजिओप्लास्टी अधिक चांगली आहे, ह्यात वाद नाही. पण ती वेळेवर झाली तर. युरोपातल्या हृदयतज्ज्ञांच्या संस्थेने २०१७ साली हिशेब मांडून दिला आहे: ई.सी.जी.वर निदान झाल्यापासून १२० मिनिटांच्या आत तार गुठळीपार जाण्याची खात्री असेल तर रुग्णाला तिकडे न्या. नसेल तर निदानापासून दहा मिनिटांत सुई द्या आणि मग न्या. हे युरोपातले नियम आहेत, जिथे रुग्णवाहिकेला लोक बाजूला होऊन वाट देतात. आता आमचे १२० मिनिटांचे गणित करू. कामशेतच्या किंवा लोणावळ्याच्या एखाद्या डॉक्टराने आलेख काढला, घड्याळ सुरू झाले. नातेवाइकांची आपसांत चर्चा. कोणत्या इस्पितळात न्यायचे ह्यावर मुंबईच्या मेहुण्याला फोन. गाडी. रविवार असला आणि पाऊस असला तर भुशीच्या धरणावर भिजायला आलेल्यांच्या मोटारी. सोमाटणे, देहूरोड, निगडी. इस्पितळाचे दार, दारात कागद, कागदावर सही, अनामत रक्कम, पुन्हा आलेख, कारण पहिल्यावर भरवसा नाही. मग तज्ज्ञाला फोन, तज्ज्ञ घरून निघणार. ह्या सगळ्याला १२० मिनिटे पुरतात असे ज्याला वाटते त्याने एकदा रुग्णाबरोबर बसून प्रवास करावा.

तळेगावच्या महामार्गालगतच्या माणसाला, मध्यरात्री, मोकळ्या रस्त्याने, आधी फोन करून सज्ज ठेवलेल्या कॅथलॅबमध्ये दोन तासांच्या आत तार मिळू शकेल. त्याने जरूर जावे. माझा आग्रह सुईचा नाही, घड्याळाचा आहे. पण राजमाचीच्या माणसाने, तुंग-तिकोन्याच्या पायथ्याच्या माणसाने, ठोकळवाडीच्या पाण्याच्या पलीकडल्या माणसाने काय करायचे? त्याला आपण जे देतो तो चांगला उपचार नाही आणि दुय्यमही नाही. ती केवळ उत्तमाची आशा आहे, आणि तिच्या भरवशावर त्याला गाडीत घालून देतो.

शिवाय सुई आणि अँजिओप्लास्टी ह्या सवती आहेत ही समजूतच चुकीची. २०१३ साली निघालेल्या एका परीक्षेत १,८९२ रुग्ण होते, कळ आल्यापासून तीन तासांच्या आतले, पण ज्यांना तासाभरात अँजिओप्लास्टी मिळणे शक्य नव्हते असे. अर्ध्यांना आधी सुई देऊन मग इस्पितळात नेले, अर्ध्यांना थेट अँजिओप्लास्टीला. दोन्ही गटांचे नशीब जवळजवळ सारखे निघाले. सुई दिलेल्यांत तिघांत एकाला औषध लागू न पडल्यामुळे तातडीने तार घालावी लागली, हेही त्यात आले. म्हणूनच सुई दिल्यावर पुण्याला न्यावयाचेच आहे, आणि चोवीस तासांच्या आत रोहिणीची तपासणीही व्हावयाची आहे. हलवा, पण टोचून हलवा.

एक उदाहरण सांगतो, कारण नुसत्या आकड्यांनी आपल्या लोकांचे समाधान होत नाही. पवनेच्या खोऱ्यातले एक शेतकरी, वय पन्नाशीच्या आतले. पावसाळ्यात पहाटे साडेचारला छातीत कळ, डाव्या हातात ओढ, घाम. घरच्यांनी ठरवले, पित्त. सोडा दिला, ओवा दिला, पोटाला शेक दिला. सहाला जीप मिळाली. सातला डॉक्टर भेटले, आलेख निघाला, आलेखात काय आहे हे त्या डॉक्टरांनी बरोबर ओळखले. जिभेखाली गोळी ठेवली आणि ते सुप्रसिद्ध वाक्य उच्चारले. सव्वादहाला इस्पितळ, साडेअकराला फुगा. सात तास. इस्पितळातल्या बड्या डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितले, “बरे झाले, वेळेवर आणलेत.” ते गृहस्थ जगले. आता ते बांधावर बसून दुसऱ्याची लावणी पाहतात आणि “वेळेवर आणलं म्हणून वाचलो” असे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. घरच्यांचे दीड तास गेले, ते अज्ञानामुळे गेले असे आपण म्हणू. सातनंतरचे साडेचार तास कोणाच्या अज्ञानामुळे गेले?

ही एकट्यादुकट्याची कहाणी नाही. भारतातल्या ८९ इस्पितळांतल्या वीस हजारांवर हृदयरुग्णांची पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. कळ आल्यापासून इस्पितळाच्या दारापर्यंतचा मधला आकडा निघाला ३६० मिनिटे. सहा तास. आणि ही इस्पितळे पन्नास शहरांतली होती.

जिभेखालच्या गोळीचा उल्लेख आलाच आहे तर तिच्याविषयीचा एक भ्रम इथेच काढून टाकू. ती गोळी खिशात बाळगणारे पुष्कळ गृहस्थ मला ठाऊक आहेत; कोणी छाती धरली की ती तत्परतेने पुढे करतात. तिने कळ थोडी कमी होईल, गुठळी तशीच राहील. आणि रक्तदाब आधीच उतरलेला असेल, किंवा झटका हृदयाच्या उजव्या बाजूचा असेल, तर ती गोळी घातकही ठरते. ॲस्पिरिन चावून खाल्ली तर, तिचे वावडे नसेल आणि कुठे रक्तस्राव नसेल तर, तिचा उपयोग अधिक. परंतु ॲस्पिरिनला तो दिमाख नाही.

आता डॉक्टरांच्या बाजूचे खरे आक्षेप घेऊ. पहिला: सुईने मेंदूत रक्तस्राव होतो. होतो; शंभरात साधारण एकाला, आणि वयोवृद्धांत अधिक. म्हणून पंचाहत्तरीच्या पुढे टेनेक्टिप्लेजची मात्रा निम्मी करतात. म्हणूनच आधी विचारायच्या प्रश्नांची अर्ध्या पानाची यादी आहे: पूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला होता का, अलीकडे पक्षाघात, मोठी शस्त्रक्रिया, डोक्याला मार, कुठून रक्त जाते आहे का, महारोहिणी फाटल्याचा संशय आहे का. ती यादी विचारायला दोन मिनिटे लागतात. दुसरा: प्रत्येक झटक्याला सुई चालत नाही. बरोबर, आलेखात एस-टी ही रेषा उचललेली असेल तरच ती द्यावयाची, आणि कळ आल्यापासून बारा तासांच्या आत. पहिला आलेख साधा दिसला आणि कळ चालूच राहिली तर दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा काढावा लागतो. बाया आणि मधुमेही ह्यांच्यांत कळ नेहमीच्या जागी येईलच असेही नाही. तिसरा: हा आलेख वाचायचा कोणी? ह्याचे उत्तर आता खेड्यातल्या पोरालाही सुचेल. आलेखाचा फोटो मोबाइलवरून तज्ज्ञाकडे जातो आणि काही मिनिटांत उत्तर येते. तमिळनाडूत ह्याच पायावर छोटी इस्पितळे मोठ्यांना जोडण्यात आली. महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली काही जिल्ह्यांत ‘स्टेमी’ नावाने असा प्रकल्प हाती घेतला. चांगली गोष्ट. पण वाचलेला आलेख म्हणजे वाचलेला माणूस नव्हे. तज्ज्ञाने पुण्याहून “हा झटकाच आहे” असे कळवले आणि कपाटात औषध नाही, किंवा औषध आहे पण टोचण्याचे धैर्य नाही, तर आपण केवळ अधिक खात्रीने “हलवा” म्हणू लागलो, एवढीच प्रगती.

आणि धैर्य का नाही, ह्याचे कारण वैद्यकाच्या पुस्तकात नाही, आमच्यांत आहे. सुई टोचल्यावर रुग्ण मेला तर डॉक्टरने मारला. सोमाटणे फाट्यावर गाडीत मेला तर नशिबाने नेला. पहिल्या प्रकारात दवाखान्याच्या काचा फुटतात, दुसऱ्यात दशक्रियेला डॉक्टरांनाही बोलावणे जाते. दवाखान्यांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० साली कायदा झाला. कायदा झाल्याने काचेची जाडी वाढत नाही. छोट्या गावातला डॉक्टर हिशेबी माणूस असतो, आणि आपण त्याला असा हिशेब घालून दिला आहे की ज्यात काही न करणे सर्वांत सुरक्षित. मग त्याने काही केले नाही म्हणून बोंब मारण्याचा अधिकार आपल्याला कसा पोहोचतो?

खेड्यातल्या डॉक्टराला हृदय वाचवता येत नाही, हे गृहीत मात्र मला मान्य नाही. आणि त्यासाठी मला युरोपात जावयास नको, घाट उतरून कोकणात गेले की पुरे. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर. विंचवाच्या विषाने शरीरात अशी काही खळबळ माजते की हृदयाचा स्नायूच दुबळा पडतो, फुप्फुसात पाणी भरते आणि धट्टीकट्टी पोरे गुदमरून मरतात. पूर्वी गंभीर रुग्णांतले दहातले तीन-चार दगावत. बावस्करांनी सरकारी आरोग्य केंद्रात रात्ररात्र रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, आलेख ह्यांच्या नोंदी केल्या आणि रक्तदाबावरची प्राझोसिन ही स्वस्त गोळी वापरून पाहिली. मृत्यू शंभरात एखाद्यावर आले. त्यांचा प्राझोसिनवरचा निबंध ‘लॅन्सेट’ ह्या नियतकालिकात १९८६ साली छापून आला. त्याच वर्षी त्याच नियतकालिकात इटलीच्या ११,८०६ रुग्णांचा स्ट्रेप्टोकायनेजचा निकाल छापून आला. २०२२ साली बावस्करांना पद्मश्री मिळाली आणि आपण टाळ्या वाजवल्या. पण त्यांच्या कामाचा अर्थ काय होता? “मुंबईला हलवा” असे त्यांनी म्हटले असते तर ती पोरे वाटेत मेली असती. त्यांनी जिथल्या तिथे, जे होते त्याने, हृदय राखले. विंचवाच्या बाबतीत आपल्याला हे पटले. गुठळीच्या बाबतीत पटत नाही, कदाचित गुठळीच्या उपचारात पुण्याला अधिक गोडी आहे म्हणून.

हे शेवटचे वाक्य कडू लागेल, पण ते गाळण्याचे मला कारण दिसत नाही. २०१७ साली सरकारने जाळीच्या नळ्यांच्या किमतींना मर्यादा घातली, साधीला ७,२६० रुपये आणि औषध लावलेलीला २९,६००, तेव्हा वर्तमानपत्रांचे रकाने भरून वाहिले. नळी किती रुपयांना, ह्यावर लोक चहा पीत भांडले. नळी किती वाजता, हे कोणी विचारले नाही. सरकारच्या योजनेतून गरिबाची अँजिओप्लास्टी फुकट होते, हे फार चांगले आहे. पण सात तासांनी फुकट झालेली अँजिओप्लास्टी मेलेल्या स्नायूला दाखवलेली फुले आहेत. नवे हृदयालय म्हटले की पुढारी फीत कापायला येतात. आरोग्य केंद्राच्या कपाटात इंजेक्शनच्या दोन कुप्या ठेवल्या तर कापायला फीत कुठे बांधणार?

रुग्णवाहिकेची गोष्ट राहिली. १९६६ साली बेलफास्टच्या पॅन्ट्रिज ह्यांनी पाहिले की झटक्याचे रुग्ण इस्पितळात येण्यापूर्वीच मरतात. म्हणून त्यांनी हृदयाला विजेचा झटका देण्याचे बोजड यंत्र मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालवले, गाडीत घातले, आणि डॉक्टरला त्या गाडीत बसवून रुग्णाच्या घरी पाठवले. सगळ्या जगाने ती कल्पना उचलली. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली, आणि तिच्यात एक गोष्ट अशी होती की जी पुष्कळ श्रीमंत देशांतही नाही: गाडीत डॉक्टर. पॅन्ट्रिजने जे मोठ्या खटपटीने जमवले ते आम्ही सरकारी आदेशाने मिळवले. त्या डॉक्टरच्या हातात आलेखाचे यंत्र, तज्ज्ञाचा फोन आणि ती कुपी ही तिन्ही एकदम असतील तर पवनानगरच्या रस्त्यावर उभ्या गाडीतही गुठळी विरघळू लागेल. नसतील तर ती गाडी म्हणजे आडवे पडून करावयाचा प्रवास.

मावळ्यांच्या नावाने आपल्याकडे भाषणे फार होतात. गडावर भगवा लावला, पायथ्याशी वडापाव वाटला, की मावळ्यांचे ऋण फिटते. लोहगड-विसापूरच्या पायथ्याला राहणारा आजचा मावळा पन्नाशीत छाती धरून बसतो तेव्हा त्याला काय हवे असते? भाषण करणाऱ्याला ते ठाऊक नसेल तर पुढच्या ग्रामसभेत त्याला पुढे बसवावे आणि त्याच्यासमोर हे प्रश्न विचारून त्यांची उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत: आपल्या आरोग्य केंद्रात ई.सी.जी.चे यंत्र आहे का? चालते का? त्याचा कागद शिल्लक आहे का? रात्री दोन वाजता ते चालवायला कोण असतो, आणि तो आलेख कोणाकडे पाठवतो? गुठळी विरघळवणारे इंजेक्शन कपाटात आहे का, किती कुप्या, मुदत कधी संपते? ते गेल्या वर्षात किती जणांना दिले? कपाटाची किल्ली कोणाकडे असते, आणि तो गावात राहतो का?